नळी फोडणारं गिधाड

श्रीवर्धनच्या एका तरुण सुपारी बागायतदाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मित्रांबरोबर स्पितीला गेलो होतो. किब्बर गावाच्या वरच्या अंगाला एक प्रचंड पक्षी पायात हाड धरून उंच गेला आणि त्याने ते खडकावर टाकून दिलं. ड्रायव्हर म्हणाला, गरुड आहे, करडं उचलून नेतो. आम्ही जिथे उतरलो होतो त्या घरच्या आजी म्हणाल्या, गिधाड आहे, हाडं खातं. खरं काय? हाडं घशात टोचत नाहीत? आणि आपल्या म्हसळ्याकडची गिधाडं असं का करत नाहीत?

आजींचं बरोबर आहे. ड्रायव्हरचं चुकलं, पण त्याला हसू नका. युरोपातल्या शिकल्यासवरल्या लोकांनीही तीच चूक केली आणि ती त्या पक्ष्याला फार महाग पडली. ते पुढे सांगतो.

तुम्ही पाहिलंत ते दाढीवालं गिधाड. चोचीच्या बुडाशी काळ्या राठ केसांचा झुपका खाली लोंबतो, ती दाढी. दुर्बिणीतून दिसलं असेल तर डोळ्याभोवतीचं लाल कडंही लक्षात आलं असेल. पण उडताना ओळखायची खरी खूण शेपटी. ती पाचरीसारखी असते, मधे लांब, टोकाला निमुळती. त्याच आभाळात फिरणाऱ्या हिमालयीन गिधाडाची शेपटी आखूड आणि रुंद असते. पंख पसरले की हा पक्षी अडीच मीटरच्या आसपास भरतो, वजन मात्र पाच ते सात किलो. आपल्याकडच्या एखाद्या माजलेल्या बोक्याइतकं!

मी गुरांचा डॉक्टर. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यात उभी नोकरी झाली, आणि त्यातली निम्मी वर्षं गिधाडांच्या नादात गेली. हे पक्षी मी आधी पाहिले ते मेलेल्या बैलावर, पुस्तकात नंतर. त्यामुळे माझं उत्तर थोडं पोटाच्या बाजूने येईल. कोण काय खातं आणि ते कसं पचवतं, यातच मला रस.

दाढीवालं गिधाड पहिल्यांदा नीट पाहिलं ते उत्तराखंडातल्या तुंगनाथच्या वाटेवर, दिवाळीनंतरच्या थंडीत. कड्याच्या कडेने वर चढणाऱ्या वाऱ्यावर ते पंख न हलवता वर गेलं. पायात लांब हाड, बहुधा शेळीच्या तंगडीचं. हाड आडवं नव्हतं, अंगाच्या रेषेत धरलेलं होतं, म्हणजे वारा अडत नाही. वर गेल्यावर ते कलंडलं, थोडा सूर मारला आणि पंजे उघडले. हाड खडकावर आपटलेलं आधी दिसलं, 'टक्' असा आवाज नंतर आला. पक्षी गिरक्या घेत लगेच खाली उतरला, हाड उलटंपालटं करून पाहिलं, पुन्हा उचललं. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी हाड उसळून गवतात गेलं, तर ते तुरुतुरु चालत शोधायला निघालं. पाचव्या वेळेला आवाज बदलला. मडकं फुटल्यासारखा. मग मान वर करून एकेक तुकडा आत.

आपल्याकडे मटणाची नळी ताटाच्या काठावर ठोकून आतला मगज काढतात ना, त्याहून वेगळं यात काही नाही. ताटाऐवजी खडक, आणि ठोकायला हात नाहीत म्हणून उंची. साधारण ५० ते १५० मीटर वरून हाड सोडलं जातं. स्पॅनिश भाषेत या पक्ष्याचं नावच 'हाडफोड्या' अशा अर्थाचं आहे. खडक मात्र कुठलाही चालत नाही. उतरता, उघडा, गवत-झुडूप नसलेला कातळ लागतो, म्हणजे तुकडे उडाले तरी सापडतात. असा एक कातळ जमला की तोच पुन्हा पुन्हा वापरला जातो, आणि त्याच्या पायथ्याशी हाडांच्या ढलप्यांचा खच पडतो. पिलं हे पोटातून शिकून येत नाहीत. नेम, उंची, वारा, उतार, सगळं जमायला त्यांची काही वर्षं जातात. तोवर चुकलेली हाडं डोमकावळे पळवतात.

कावळ्यांवरून आठवलं. आपल्या किनाऱ्यावर ओहोटीला कावळे शिंपल्या उचलून खडकावर टाकताना मी कितीदा पाहिलेत. एकदा तर धक्क्याच्या सिमेंटवर. तत्त्व तेच, फक्त त्यांचा माल बोटभर आणि उंची माडाच्या निम्मी.

फोडण्याबद्दल लोक खूप बोलतात, गिळण्याबद्दल कमी. खरं नवल तिथे आहे. प्रत्येक हाड फोडावं लागतच नाही. जबडा मोठा उघडतो, अन्ननलिका चांगलीच ताणते, त्यामुळे वीतभर लांबीचं हाड हा पक्षी अख्खं गिळतो. कोकराचं मांडीचं हाड म्हणा. कधी कधी हाडाचं एक टोक जठरात विरघळायला लागलेलं असतं आणि दुसरं अजून गळ्यातच असतं. तुम्ही विचारलंत, टोचत नाही का. टोकदार ढलपी असते ती मागच्या-पुढच्या हालचालीने सरळ करून, लांबीच्या दिशेने आत सरकवतात. आणि जठरात पोचल्यावर टोक टोक राहत नाही.

कारण तिथलं आम्ल. त्याचा सामू, म्हणजे आंबटपणाचं माप, १ च्या आसपास असतो; आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र. लिंबाच्या रसाचा २ च्या घरात. एका अंकाचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण या मापात एक अंक म्हणजे दहापट. घरी करून पाहायचं असेल तर कोंबडीच्या तंगडीचं स्वच्छ हाड व्हिनेगरमध्ये बुडवून चार-सहा दिवस ठेवा. बाहेर काढलंत की ते रबरासारखं वाकेल. चुना विरघळून गेला, उरलं ते कोलॅजन, म्हणजे प्रथिन. व्हिनेगरला दिवस लागतात, या पक्ष्याच्या पोटात अख्खं हाड चोवीस तासांच्या आसपास संपतं. कोंबडीसारखं दळणारं पोट इथे कामाचं नाही. दळण नाहीच, सगळं काम रसायनाचं.

आता 'हाडात असतं काय' हा प्रश्न. मला सगळ्यात जास्त वेळा हाच विचारला गेलाय, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर थोडी दया असते. बिचाऱ्याला मांस मिळत नाही म्हणून हाडं चघळतो, असा सूर. साफ चूक. सुक्या हाडाच्या वजनात सुमारे एक तृतीयांश भाग प्रथिनाचा असतो. लांब हाडाच्या पोकळीत मगज, म्हणजे चरबी. ज्याला चुना विरघळवता येतो त्याच्यासाठी ताजं हाड खाण्याच्या मोलाने मांसाच्या जवळपास जातं. शिवाय ते नासत नाही. मांसाला कोरड्या थंड हवेतही चार दिवसांत वाटेकरी लागतात: कोल्हे, कुत्रे, दुसरी गिधाडं, किडे. हाड महिनोन्‌महिने पडून राहतं आणि त्यातलं बरंचसं अन्न शाबूत असतं. म्हणून मेंढी मेली की हा पक्षी भांडणात पडत नाही. हिमालयीन गिधाडांचा थवा उतरतो, आरडाओरडा, ओढाताण, तासाभरात कातडं आणि सांगाडा. दाढीवालं बाजूच्या कड्यावर बसून राहतं. घाई कसली? त्याच्या वाट्याचं ताट अजून वाढलेलंच नाही.

त्याच्या एकूण खाण्यात हाडांचा हिस्सा ७० ते ९० टक्के असतो. इतक्या टोकाचा हाडखाऊ पक्षी दुसरा नाही. त्यातही निवड असते. पिरेनीज पर्वतातल्या अभ्यासकांनी पाहिलं, तर बरगड्या-मणके सोडून पायांची हाडं जास्त उचलली जातात, कारण चरबी तिथे. खाटकाच्या दुकानात आपण नळ्या मागून घेतो तसंच.

पिलांना मात्र हाडं नाहीत, निदान सुरुवातीला नाहीत. हा पक्षी अंडी घालतो ऐन थंडीत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, जेव्हा किब्बरला पाण्याचे नळ गोठलेले असतात. वेडेपणा वाटतो. पण अंडी उबायला ५५ दिवसांच्या आसपास लागतात. म्हणजे पिलू बाहेर येतं ते थंडी सरताना, जेव्हा हिमकड्यांखाली सापडलेली किंवा उपासमारीने मेलेली जनावरं बर्फातून उघडी पडायला लागतात. मऊ, ताजं मांस त्या वेळी मिळतं. अंडी बहुधा दोन असली तरी मोठं होतं ते एकच पिलू. ते चार महिने घरट्यात राहतं. आई-बाप हाडं घरट्याच्या गुहेतही आणून टाकतात. स्पेनच्या दक्षिणेला अशा जुन्या, ओस पडलेल्या घरट्यांमध्ये हाडांबरोबर माणसांच्या वस्तू निघाल्या, त्यात गवताची विणलेली एक चप्पल होती, साडेसहाशेहून जास्त वर्षांपूर्वीची. पिढ्यान्‌पिढ्या तीच कपार, तोच संसार.

करडं-कोकरं उचलण्याबद्दल. पाय पाहिलेत तर कळेल. गरुडाची नखं आकड्यासारखी वाकडी आणि दाबून मारणारी. गिधाडाचे पंजे त्या मानाने बोथट. दाढीवाल्याचे पंजे इतर गिधाडांपेक्षा जास्त पकडणारे असतात, कारण हाड वाहून न्यायचं असतं, पण जिवंत धडपडणारं करडू उचलणं हा त्याचा धंदा नाही. ड्रायव्हरने कोणीतरी मेलेल्या कोकराची तंगडी घेऊन उडालेला पाहिला असणार, आणि गोष्ट तयार झाली. जर्मन भाषेत तर याचं नावच 'कोकरांचं गिधाड' पडलं, इंग्रजीतलं लॅमरगायर तिथूनच आलं. आल्प्सच्या पहाडात या नावापायी बंदुका चालल्या, विषं पेरली. १९१३ साली इटलीच्या आओस्ता खोऱ्यात शेवटचा मारला गेला. मग सत्तरेक वर्षं आल्प्सचं आभाळ रिकामं. १९८६ मध्ये ऑस्ट्रियात पिंजऱ्यात वाढवलेली पिलं पहिल्यांदा सोडली, आणि १९९७ मध्ये फ्रेंच आल्प्समध्ये जंगलात पहिलं पिलू उडालं. नाव बदनाम झालं की निस्तरायला किती वर्षं लागतात बघा.

कासवांबद्दल मात्र आरोप खरा आहे. ग्रीसकडे हा पक्षी जमिनीवरची कासवं उचलून खडकावर टाकतो. एस्किलस नावाचा प्राचीन नाटककार टकलावर कासव पडून मेला अशी दंतकथा आहे, पक्ष्याला म्हणे टक्कल खडक वाटलं. मला ती कथा खोटी वाटते, पण सांगायला मजा येते.

आता आपल्याकडे वळू.

म्हसळा-श्रीवर्धनच्या पट्ट्यातली गिधाडं मुख्यतः पांढऱ्या पाठीची. ती उंच झाडांवर घरटी करतात. घाटाच्या कड्यांवर लांब चोचीची. दोन्ही मांसाची, मऊ भागाची गिधाडं. लांब उघडी मान जनावराच्या पोटात घालायला, खरखरीत जीभ मांस खरवडायला. हाडं फोडण्याचं त्यांच्याकडे ना अवजार ना पोट. बारीक तुकडे तेवढे गिळतात, त्याचं कारण वेगळं, ते शेवटी सांगतो.

तुमच्या प्रश्नात एक गंमत आहे, ती बहुधा तुमच्या लक्षात आली नसेल. हाडं फोडायला कातळ लागतो म्हणालो. कातळाची आपल्याकडे काय कमतरता? दापोलीपासून राजापूरपर्यंत सडेच सडे, म्हणजे उघडे कातळाचे माळ. उन्हाळ्यात तिथे गवताची काडी नसते. आणि तांबडी माती! वयात आलेलं दाढीवालं गिधाड मुळात छातीला पांढरं असतं, तो भगवा-तांबडा रंग ते स्वतः लावून घेतं, लोहाच्या चिखलात अंघोळ करून. पिंजऱ्यात वाढलेले पक्षी पांढरेच राहतात, आणि तांबडी माती दिली की लगेच तिच्यात अंग घासायला लागतात. आपल्या जांभ्याच्या मातीतला रंगही लोहाचाच. म्हणजे शृंगाराची सोय इथे आहे, ओटा आहे. मग अडलं कुठे?

माझ्या मते, हवेत. हाड हे साठ्याचं अन्न आहे आणि साठा टिकायला कोरडी थंडी लागते. आपल्याकडे जूनपासून चार महिने तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जूनमध्ये सड्यावर टाकलेलं हाड ऑगस्टमध्ये पाहा: हिरवं, बुरसटलेलं, मगजाचा वास येतो, मुंग्यांनी पोखरलेलं. सड्यावर त्या दिवसांत कमरेइतकं गवत, तुकडे शोधणार कोण? दुसरं, मेंढपाळांचे कळप आणि रानातली खुरवाली जनावरं उतारांवर सतत मरत असतात, ते हिमालयात. आपल्याकडे शेळ्या घरटी दोन-चार, आणि मेलेलं जनावर गावकरी पुरून टाकतात. गरम देश मात्र त्याला वर्ज्य नाहीत. इथिओपियात आणि दक्षिण आफ्रिकेतही हा पक्षी आहे, पण तिथेही उंच डोंगरांवर.

आपल्या किनाऱ्याला साजेसा शिकारी वेगळा आहे. समुद्री गरुड, काही गावांत त्याला काकण म्हणतात. त्याच्या घरट्याखाली उभे राहिलात तर माशांची हाडं आणि समुद्रसापांचे अवशेष मिळतात. प्रत्येक जागेचा आपापला कचरा आणि तो खाणारा आपापला.

आमच्या गिधाडांवर काय गुदरलं ते तुम्हाला ठाऊक असेल, पण मला माझा वाटा सांगायलाच हवा. नव्वदच्या दशकात लंगड्या बैलाला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचणाऱ्यांत मीही होतो. स्वस्त होतं, तासाभरात बैल उभा राहायचा, शेतकरी खूश. असा बैल मेला तर औषध मांसात, काळजात, मूत्रपिंडात राहतं, आणि आपली गिधाडं नेमकं तेच आधी खातात. गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. मेलेलं गिधाड उघडलं की काळजावर, हृदयाच्या वेष्टनावर खडूची पूड शिंपडल्यासारखा पांढरा थर दिसतो, युरिक आम्लाचा. मी असे तीन उघडले, पहिल्याला काहीच कळलं नव्हतं. कारण २००४ साली जगापुढे आलं, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली. तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एकही धड उरली नव्हती. मेलोक्सिकॅम सुरक्षित आहे, गोठ्यात तेच मागा. किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली आहे.

दाढीवाल्याचा घात मात्र आल्प्समध्ये त्याच्या गुणानेच होतो. शिकाऱ्याच्या गोळीतलं शिसं हाडात-मांसात अडकलेलं असतं, दुसऱ्या प्राण्याच्या पोटातून कदाचित तसंच बाहेर पडेल, पण याच्या पोटातलं आम्ल ते विरघळवून रक्तात सोडतं.

आणि ते बारीक तुकडे. पिलांची हाडं वाढायला कॅल्शियम लागतं, ते मांसात फार कमी असतं. दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकात केप गिधाडांच्या पिलांचे पंख वाकडे होऊन मोडायला लागले. शोध घेता कळलं की शेतजमिनींच्या भागातले तरस गेले होते. तरस हाडं चावून फोडायचे, त्याच्या ढलप्या गिधाडं पिलांना न्यायची. तरस नाहीत, तर ढलप्या नाहीत, आई-बाप काचा आणि चिनीमातीचे तुकडे नेऊन भरवायचे. उपाय काय केला, तर माणसांनी हाडं फोडून टाकायला सुरुवात केली.

आम्हीही तेच करतो. आपल्या रानात तरस नावालाच. गिधाडांसाठी मेलेलं जनावर टाकलं की मांस पक्ष्यांचं, पण सांगाडा उघडा पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं-तिघं जातो, पायाची हाडं जांभ्याच्या सपाट चिऱ्यावर ठेवून घणाने फोडतो आणि तुकडे अंगठ्याच्या नखाएवढे करून पसरतो. मोठे ठेवले तर उचलत नाहीत. तुंगनाथला तो पाचव्यांदा आलेला आवाज मी ओळखला तो यामुळेच. हाड 'टक्' करतं तोवर अख्खं, 'खळ्' केलं की फुटलं.

पिलं मोठी होतात ती डिसेंबर-जानेवारीत, तेव्हा हे काम जास्त असतं. श्रीवर्धनहून तुम्हाला तासाभराचा रस्ता. घरट्यांच्या जवळ नेणार नाही, फोटोसाठी तर नाहीच. पण घण उचलायला एक तरुण माणूस मिळाला तर हवा आहे. माझा खांदा हल्ली तिसऱ्या हाडानंतर बोलायला लागतो.